फुगवून उघडलेली धमनी पुन्हा का आकसते?

झुरिचमधल्या एका घराच्या स्वयंपाकघरात १९७०च्या दशकात रात्री उशिरापर्यंत प्लास्टिकच्या नळ्या, धागे आणि गोंद यांचा पसारा पडलेला असे. घर होते डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांचे. १९३९ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मलेल्या या डॉक्टरला एक लहानसा फुगा हवा होता. रबराचा फुगा उपयोगाचा नव्हता. तो अरुंद, कडक जागा सोडून बाजूच्या मऊ जागेत फुगतो. ठरलेल्या आकारापलीकडे न फुगणारे प्लास्टिक त्यांनी शोधून काढले. १९७४ मध्ये त्यांनी हा फुगा पायाच्या धमनीत वापरला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयधमनीत. छाती न उघडता धमनी मोकळी झाली.

ग्रुंट्झिग यांचे खरे मोठेपण मात्र यापुढचे आहे. त्रास नसला तरी ते रुग्णाला काही महिन्यांनी परत बोलावून अँजिओग्राफी करत. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तीच जागा पुन्हा अरुंद झालेली आढळे, तीही बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. फुग्याने धमनीचे अस्तर फाटते. ती जखम भरताना स्नायुपेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात, शिवाय ताणलेली भिंत मागे सरकते.

१९८० मध्ये ते अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी खराब हवेत स्वतःचे विमान चालवताना झालेल्या अपघातात ते आणि त्यांची पत्नी दोघेही मरण पावले. वय अवघे ४६. पुढच्याच वर्षी माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसला. जाळीने भिंतीचे मागे सरकणे थांबवले, पेशींची वाढ नाही.

ग्रुंट्झिग यांना पडलेला हा पेच पुढे मेंदूच्या धमन्यांत अधिक बिकट झाला. या धमन्या दोन ते चार मिलिमीटर रुंद, पातळ भिंतीच्या आणि बाहेरून फारसा आधार नसलेल्या. तेवढ्या जागेत अर्धा मिलिमीटर अस्तर वाढले तरी रक्तप्रवाह घटतो. मुळात बारीक धमनी, लांबलचक अडथळा, स्टेंटनंतरही उरलेला अरुंदपणा, मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. गुठळी रोखणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी काहींना लागूच पडत नाही, आणि काही जण बरे वाटले की ती परस्पर बंद करतात. दुसऱ्या प्रकारचे रुग्ण कोणत्याही ओपीडीत भेटतील.

मेंदूतल्या स्टेंटची तुलना केवळ औषधोपचाराशी करणारी अमेरिकेतील चाचणी ४५१ रुग्णांनंतर २०११ मध्ये थांबवावी लागली. पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण स्टेंटच्या गटात १४.७ टक्के होते, तर औषधांच्या गटात ५.८ टक्के. त्यामुळे आज आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा बंदोबस्त केला जातो, स्टेंटचा विचार त्यानंतर.

ग्रुंट्झिग यांच्या त्या पहिल्या रुग्णाची दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, एमरीत पुन्हा तपासणी झाली. धमनी उघडी होती.