वाऱ्यातून दिवे उजळणारा शिक्षक : पोल ला कूर

पवनऊर्जेचा इतिहास सांगताना मोठमोठ्या कंपन्यांची नावे घेतली जातात. परंतु या विद्येचा पाया एका निवासी विद्यालयाच्या आवारात एका शिक्षकाने घातला, याचे स्मरण क्वचितच होते. तो शिक्षक म्हणजे पोल ला कूर.

१३ एप्रिल १८४६ रोजी डेन्मार्कमधील एबेल्टोफ्टजवळ त्यांचा जन्म झाला. हवामानशास्त्राचे अध्ययन करून ते कोपनहेगनच्या हवामान संस्थेचे उपसंचालक झाले. एकाच तारेवरून अनेक संदेश पाठविण्याच्या तंत्रातील शोधांमुळे त्यांचे नाव विज्ञानजगतात गाजू लागले होते. तरीही १८७८ मध्ये राजधानीतील मानाचे पद सोडून ते आस्कोव येथील लोकविद्यालयात अध्यापनासाठी गेले. युद्धातील पराभवानंतर, १८६५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यालयात ग्रामीण तरुण-तरुणी एकत्र राहून शिकत असत.

त्या काळी वीज शहरांत पोहोचू लागली होती. खेडी मात्र अंधारातच राहिली, तर तेथील तरुण गाव सोडून जातील, ही चिंता ला कूर यांना होती. खेड्याजवळ कोळसा नव्हता. वारा मात्र मुबलक होता. सरकारी साहाय्य मिळवून १८९१ मध्ये त्यांनी विद्यालयाच्या आवारात वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली.

वारा लहरी असतो. चक्कीची गती स्थिर राखण्यासाठी त्यांनी एक नियामक यंत्र घडविले. ऊर्जा साठविण्यासाठी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व प्राणवायू वेगळे केले आणि १८९५ पासून काही वर्षे त्या हायड्रोजनवर विद्यालयातील दिवे तेवत राहिले. या प्रयोगांत स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही फुटल्या. पण काम थांबले नाही. वातबोगद्यात पात्यांची परीक्षा घेऊन, वीजनिर्मितीसाठी पुष्कळ पात्यांपेक्षा मोजक्या पात्यांची वेगवान चक्कीच अधिक उपयुक्त ठरते, हे त्यांनी दाखवून दिले.

हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १९०३ मध्ये ग्रामीण वीजप्रसारासाठी संस्था स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि खेड्यांतील तरुणांना वीजतंत्रज्ञ म्हणून शिक्षण दिले. २४ एप्रिल १९०८ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, आस्कोव येथेच त्यांचे निधन झाले. पुढे स्वस्त खनिज इंधनाच्या युगात त्यांचे कार्य विस्मृतीत गेले.

तथापि, १९०४ मध्ये त्यांच्या वर्गात शिकलेल्या योहानेस यूल या विद्यार्थ्याने १९५७ मध्ये गेदसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. आजच्या प्रचंड पवनचक्क्या त्याच परंपरेतील आहेत. ज्यांच्या वाट्याला प्रकाश शेवटी येतो, त्यांच्यासाठी त्या शिक्षकाने आपली विद्या प्रथम वेचली; आणि गुरूच्या निधनानंतर जवळजवळ अर्धशतकाने ती शिष्याच्या हातून फळास आली. निवासी विद्यालय समाजाला काय देऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.