खिशातले पैसे घालून छापलेल्या २००० प्रती त्याने मागे घेतल्या... तरीही ‘ॲलिस’ हिट कशी झाली?

मुलांसाठी पुस्तक लिहून तयार आहे, पण छपाईचा खर्च स्वतःलाच करायचा आहे. वर ते मुलांपर्यंत पोहोचवायचं कसं, हा प्रश्न आहेच. आज अनेक लेखक या पेचात सापडतात. १८६० च्या दशकात ऑक्सफर्डमधला गणिताचा एक मास्तर याच पेचात होता.

नाव चार्ल्स लुटविज डॉजसन. जग त्याला लुईस कॅरोल म्हणून ओळखतं.

जन्म २७ जानेवारी १८३२ चा, इंग्लंडमधल्या डेअर्सबरी गावचा. वडील पाद्री. चार्ल्स बोलताना अडखळायचा, पण लहान भावंडांसाठी घरीच हाताने लिहिलेली मासिकं काढायचा. पुढे तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवू लागला.

४ जुलै १८६२ ला कॉलेजच्या डीनच्या तीन मुलींना घेऊन तो नावेतून फिरायला गेला. वाटेत त्याने एक गोष्ट रचून सांगितली. दहा वर्षांच्या ॲलिस लिडेलने ती लिहून द्यायचा हट्ट धरला. मग कॅरोलने स्वतः चित्रं काढून हस्तलिखित तयार केलं.

पण छापण्याआधी त्याने एक हुशारी केली. लेखक मित्र जॉर्ज मॅकडोनाल्डच्या घरी ते हस्तलिखित पाठवलं. तिथल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवण्यात आली आणि ती त्यांना भलतीच आवडली. म्हणजे खऱ्या वाचकांची पसंती आधीच मिळाली होती.

मॅकमिलन कंपनी पुस्तक काढायला तयार झाली, पण कमिशनवर. छपाई, चित्रं, जाहिरात हा सगळा खर्च कॅरोलचा. ‘पंच’ साप्ताहिकाचे नावाजलेले चित्रकार जॉन टेनिएल यांना ४२ चित्रांसाठी त्याने १३८ पौंड दिले. कापडी बांधणीला लाल रंग निवडला, कारण मुलांची नजर लाल रंगावर लगेच जाईल असा त्याचा अंदाज होता.

१८६५ च्या उन्हाळ्यात २००० प्रती छापून झाल्या आणि तिथेच माशी शिंकली. चित्रांची छपाई टेनिएल यांना पसंत पडली नाही.

कॅरोलने सगळी छपाई रद्द केली. भेट दिलेल्या प्रतीही परत मागवल्या. दुसऱ्या छापखान्यात नव्याने काम सुरू झालं. एकूण खर्च ६०० पौंडांवर जाणार होता. नव्या २००० प्रती खपल्या तरी २०० पौंडांचा फटका बसेल, असा हिशोब त्याने डायरीत मांडला. त्याहून जास्त खपाची आशा त्याला फारशी नव्हती.

रद्द झालेली छपाई पुढे अमेरिकेतल्या प्रकाशकाला विकली गेली. नवी आवृत्ती नोव्हेंबर १८६५ मध्ये आली आणि मुलांनी ती उचलून धरली. कॅरोलचा हिशोब चुकला, पण त्याच्या फायद्यात.

आता वाचक टिकवायचे होते. १८७१ मध्ये त्याने ‘ॲलिस’ वाचणाऱ्या मुलांना उद्देशून नाताळच्या शुभेच्छांचं पत्रक छापलं. १८७६ च्या पुस्तकाच्या वेळी कागदी वेष्टनाच्या कण्यावरही नाव छापायला सांगितलं. वेष्टन न काढता नाव दिसलं, तर दुकानात पुस्तक मळणार नाही, हा त्यामागचा विचार. १८८६ मध्ये ‘ॲलिस’ लंडनच्या रंगमंचावर आली.

मूळ पुस्तकाची किंमत होती साडेसात शिलिंग. सगळ्यांना ती परवडणारी नव्हती, म्हणून १८८७ मध्ये अडीच शिलिंगांची आवृत्ती आली. १८९० मध्ये अगदी चिमुकल्यांसाठी सोप्या भाषेतली, रंगीत चित्रांची ‘ॲलिस’ निघाली. तिची पहिली छपाईही त्याने नाकारली होती, रंग भडक झाले म्हणून.

१८९३ मध्ये पुन्हा तेच. ‘ॲलिस’च्या दुसऱ्या भागाच्या नव्या छपाईत चित्रं खराब आली. आता तो प्रसिद्ध होता, पुस्तक तसंच खपलं असतं. तरी त्याने विक्री थांबवली आणि खराब प्रत आणून द्या, बदलून मिळेल, असं जाहीर केलं.

१४ जानेवारी १८९८ ला गिल्डफर्डमध्ये कॅरोलचं निधन झालं. ‘ॲलिस’ आजही छापली जाते.