मातीतून अँटिबायोटिक काढणारा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास न ठेवणारा शास्त्रज्ञ

डोळ्यात टाकायच्या काही अँटिबायोटिक थेंबांच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'ग्रॅमिसिडिन' असं नाव असतं. हे औषध पोटातून घेत नाहीत आणि इंजेक्शननेही देत नाहीत. असं का, हे समजून घ्यायचं तर रेने द्यूबो यांची गोष्ट माहिती हवी.

द्यूबो यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०१ चा, फ्रान्समधला. वडील खाटीक. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने त्यांचं हृदय कायमचं अधू झालं. १९२४ साली ते अमेरिकेला निघाले आणि बोटीवर त्यांची गाठ पडली ती मातीतल्या सूक्ष्मजीवांचे अभ्यासक सेलमन वॅक्समन यांच्याशी. पुढे त्यांच्याच हाताखाली द्यूबो यांनी पीएचडी केली.

मग न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट. तिथे त्यांची पद्धत भलतीच सरळ होती. मातीत रोगजंतू मिसळायचे, दुसरं काही खायला द्यायचं नाही आणि त्यांना खाऊन जगणारा कोणी मातीत सापडतो का, याची वाट बघायची. १९३९ मध्ये असा एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून मिळालेल्या पदार्थात ग्रॅमिसिडिन होतं.

ग्रॅमिसिडिन म्हणजे १५ अमिनो आम्लांची साखळी, म्हणजेच पेप्टाइड. असे दोन रेणू टोकाला टोक जोडून जंतूच्या आवरणात आरपार नळी तयार करतात. त्यातून क्षार इकडेतिकडे गळतात आणि जंतू मरतो. पण ही नळी आपल्या पेशींनाही सोडत नाही. रक्तात गेली तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून हे औषध वरून लावण्यापुरतंच राहिलं.

इकडे घरात वेगळंच चाललं होतं. पत्नी मारी लुईज यांना क्षयरोग झाला होता. १९४२ मध्ये त्या गेल्या. दुसऱ्याच वर्षी वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, तेही मातीतूनच, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयावरचं पहिलं प्रभावी अँटिबायोटिक! नशीब म्हणावं तर किती क्रूर.

द्यूबो यांनी मग स्वतःला क्षयरोगाच्या संशोधनात गाडून घेतलं. जंतू औषधांना सरावतील, हा इशारा त्यांनी चाळिशीच्या दशकातच दिला होता. नव्या औषधांच्या जल्लोषात तो कुणाला ऐकायचा नव्हता. रोग फक्त जंतूमुळे होत नाही. घर, अन्न, गरिबी हेही त्यात येतं, असं ते लिहीत राहिले. १९६९ साली त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला.

१९८१ मध्ये स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने एका रेशमी पतंगाच्या कोशातून 'सेक्रोपिन' वेगळं केल्याचं जाहीर केलं. हेही पेप्टाइडच आणि हल्लाही आवरणावरच. फरक विद्युतभाराचा. सेक्रोपिनवर धन भार असतो, जंतूंच्या आवरणावर ऋण. आपल्या पेशींचा बाहेरचा थर जवळपास भाररहित, त्यामुळे त्या बऱ्याच अंशी वाचतात. ग्रॅमिसिडिनला न जमलेली ही निवड किडा सहज करतो.

पुढच्याच वर्षी, २० फेब्रुवारी १९८२ ला, आपल्या ८१ व्या वाढदिवशी द्यूबो यांचं न्यूयॉर्कमध्ये निधन झालं.