सोबत

कपड्यांचे एक जुने लाकडी कपाट. चार भावंडे त्यात शिरतात आणि लोंबणारे कोट बाजूला सारत पुढे जातात. पाहतात तो काय, कपाटाची मागची फळी लागतच नाही! पायाखाली बर्फ येते आणि समोर एक निराळाच देश दिसू लागतो. तेथे प्राणी बोलतात. त्या देशाचा खरा धनी एक सिंह आहे. त्याचे नाव अस्लान.

मुलांनो, तुमच्यापैकी एखाद्याच्या भावाचे किंवा मित्राचे नाव अर्सलान असेल. अस्लान म्हणजे तोच शब्द. तुर्की भाषेत त्याचा अर्थ सिंह. या गोष्टीच्या लेखकाला हे नाव ‘अलिफ लैला’च्या एका इंग्रजी भाषांतराच्या टिपांमध्ये मिळाले होते.

त्या लेखकाचे नाव क्लाइव्ह स्टेपल्स लुईस. नार्निया नावाच्या या देशाच्या सात गोष्टी त्यांनी लिहिल्या. १९५० ते १९५६ या काळात त्या प्रसिद्ध झाल्या आणि जगातील अनेक भाषांत गेल्या. २००५ मध्ये पहिल्या गोष्टीवर मोठा चित्रपटही निघाला. या पाठात मात्र नार्नियाची गोष्ट नाही. लुईस यांच्या स्वतःच्या घरात जे घडले, त्याची ही हकिकत आहे.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात झाला. वडील वकील होते. आई गणित शिकलेली होती. त्या काळी फार थोड्या स्त्रिया महाविद्यालयात जात. वॉरन हा तीन वर्षांनी मोठा भाऊ. लहानग्या लुईसला आपले नाव आवडेना, म्हणून त्याने स्वतःच आपले नाव ‘जॅक’ ठेवले. पुढे आयुष्यभर घरचे आणि मित्र त्यांना याच नावाने हाक मारत. घरात जिकडे तिकडे पुस्तके होती. दोघे भाऊ दिवसभर वाचत, चित्रे काढत आणि गोष्टी रचत.

१९०८ साली आईला कर्करोग झाला. डॉक्टरांनी घरीच शस्त्रक्रिया केली. घरात माणसे हळू आवाजात बोलू लागली, औषधांचा वास येऊ लागला. जॅक तेव्हा नऊ वर्षांचा होता. आई बरी व्हावी म्हणून तो देवाची प्रार्थना करी. पण ऑगस्ट महिन्यात आई गेली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत जॅकलाही भावाबरोबर समुद्रापलीकडे इंग्लंडमधील निवासी शाळेत पाठवण्यात आले. आई गेली आणि घरही दुरावले. पुढे काही वर्षांनी जॅकचा देवावरचा विश्वास उडाला. जगात इतके दुःख असताना देव कसा असेल, असा प्रश्न त्याला पडला. तो नास्तिक झाला.

पहिल्या महायुद्धात लुईस सैन्यात भरती झाले. वयाच्या एकोणिसाव्या वाढदिवशी ते फ्रान्समधील आघाडीवर पोहोचले. एप्रिल १९१८ मध्ये तोफगोळ्याचे तुकडे लागून ते जखमी झाले. सैन्यात त्यांना पॅडी मूर नावाचा मित्र मिळाला होता. दोघांपैकी जो परत येईल त्याने दुसऱ्याच्या घरच्या माणसांना सांभाळायचे, असे त्यांचे ठरले होते. पॅडी युद्धात मारला गेला. लुईस यांनी दिलेला शब्द पाळला. पॅडीच्या आईला त्यांनी आपल्या घरी ठेवले. तिचा सांभाळ त्यांनी दोनचार वर्षे नव्हे, तर तीस वर्षांहून अधिक काळ केला. म्हातारपणी या बाईंचा स्वभाव चिडचिडा झाला होता. लुईस लिहायला बसले की त्या काही ना काही कामासाठी हाक मारत, आणि लुईस उठून जात. शेवटी त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. तेथेही लुईस रोज त्यांना भेटायला जात. १९५१ साली त्या वारल्या.

युद्ध संपल्यावर लुईस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात शिक्षण पूर्ण केले आणि १९२५ पासून तेथेच ते इंग्रजी साहित्य शिकवू लागले. मित्रांशी वादविवाद करणे त्यांना फार आवडे. प्रसिद्ध लेखक टॉल्किन हे त्या मित्रांपैकी एक. वाचन, विचार आणि चर्चा यांतून लुईस यांचे मन हळूहळू पालटले. १९२९ मध्ये त्यांनी देवाचे अस्तित्व मान्य केले आणि १९३१ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माचा मनापासून स्वीकार केला.

लुईस यांचा धर्म चर्चपुरता नव्हता. पुस्तकांपासून मिळणाऱ्या पैशांपैकी बराचसा भाग ते गरजूंना देऊन टाकत. जगभरातून अनोळखी माणसे त्यांना पत्रे लिहीत. कोणी दुःखी असे, कोणाला शंका असे, कोणी शाळकरी मूल असे. लुईस सकाळी बसून स्वतःच्या हाताने पत्रांची उत्तरे लिहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रेडिओवर धर्मविषयक भाषणे केली. घराघरांतून लोक ती ऐकत.

१९४० साली त्यांनी दुःखाच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. देव दयाळू आहे, तर मग माणसाला वेदना का होतात, या प्रश्नाचा त्यात त्यांनी विचार केला होता. पुस्तक विद्वत्तापूर्ण होते आणि लोकांना ते आवडले. पण दुःखाविषयी लिहिणे वेगळे आणि दुःख सोसणे वेगळे. लुईस यांची खरी परीक्षा पुढेच होती.

१९५० साली अमेरिकेतून त्यांना एका बाईंचे पत्र आले. त्यांचे नाव जॉय डेव्हिडमन. त्या न्यूयॉर्कमधील यहुदी कुटुंबात जन्मल्या होत्या आणि कवयित्री होत्या. त्याही आधी नास्तिक होत्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांची बुद्धी तल्लख आणि जीभ तिखट होती. दोघांचा पत्रव्यवहार वाढला. १९५२ साली त्या इंग्लंडला आल्या, तेव्हा त्यांची भेट झाली. जॉय यांचा पहिला संसार मोडला होता. पदरी दोन मुलगे होते. १९५३ मध्ये मुलांना घेऊन त्या इंग्लंडमध्येच राहायला आल्या. पुढच्या वर्षी त्यांचा घटस्फोट झाला.

१९५६ मध्ये एक अडचण उभी राहिली. जॉय यांना इंग्लंडमध्ये राहण्याची सरकारी परवानगी पुढे वाढवून मिळेना. मुलांची शाळा तेथे, मित्रमंडळी तेथे. आता जायचे कोठे? लुईस यांनी २३ एप्रिल १९५६ रोजी त्यांच्याशी नोंदणी विवाह केला. मैत्रिणीला मदत करावी एवढाच हेतू त्यामागे होता. विवाहानंतरही दोघे आपापल्या घरी राहत होते.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जॉय घरात फोन घ्यायला उठल्या आणि कोसळल्या. मांडीचे हाड मोडले होते. रुग्णालयात तपासणी झाली. हाड साध्या पडण्याने मोडले नव्हते. कर्करोगाने ते आतून पोखरले होते. रोग शरीरात इतरत्रही पसरला होता. डॉक्टरांना फारशी आशा वाटत नव्हती.

लुईस सत्तावन्न वर्षांचे होते. लहानपणी ज्या रोगाने आई नेली, तोच रोग पुन्हा दारात उभा होता. आता मात्र एक गोष्ट त्यांना स्पष्ट कळली. आपण केवळ मैत्रीण गमावत नसून जिच्यावर आपले प्रेम आहे ती पत्नी गमावत आहोत. देवासमोर विधिपूर्वक विवाह करून तिला आपल्या घरी न्यावे, असे त्यांनी ठरवले. पण जॉय घटस्फोटित होत्या. तेथील बिशपांनी नियमावर बोट ठेवून परवानगी नाकारली.

लुईस यांचा एक जुना विद्यार्थी पाद्री झाला होता. त्याचे नाव पीटर बाइड. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्यासाठी लुईस यांनी त्याला बोलावले होते. विवाहाची अडचण कळल्यावर त्याने विचार केला आणि विवाह लावून देण्यास तो तयार झाला. २१ मार्च १९५७ रोजी ऑक्सफर्डच्या चर्चिल रुग्णालयात, रुग्णाच्या खाटेजवळ हा विवाह झाला. वधूला उठून बसणेही कठीण होते. मेजवानी नव्हती की पाहुणे नव्हते. लुईस यांचे भाऊ वॉरन हजर होते. सुखात साथ देण्याचे वचन सगळेच देतात. येथे वचन देताना आजारपण समोरच होते.

काही दिवसांनी लुईस यांनी पत्नीला घरी आणले. ती थोड्या आठवड्यांची सोबती आहे, असेच सर्वांना वाटत होते. खालच्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत तिची खाट टाकली. मदतीला परिचारिका ठेवली. आता या प्राध्यापकाचा दिनक्रम बदलला. उशी सारखी करणे, औषधे वेळेवर देणे, वेदना वाढल्या की शेजारी बसून राहणे, दोन मुलांकडे पाहणे, आणि आठवड्यात केंब्रिजला जाऊन विद्यार्थ्यांना शिकवणेही. कारण आता ते केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक होते. प्रार्थना चालूच होती. पण आता ती केवळ ओठांवर राहिली नव्हती. हातपायही तिच्या कामाला लागले होते.

मग कोणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. जॉय यांचा रोग थांबला. पोखरलेले हाड पुन्हा भरू लागले. त्या आधी चाकांच्या खुर्चीत बसू लागल्या आणि मग काठी टेकत चालू लागल्या. याच सुमारास लुईस यांची हाडे चुन्याअभावी ठिसूळ झाली होती आणि त्यांना बरीच वेदना होत होती. तिच्या हाडांत चुना भरत होता, त्यांच्या हाडांतला कमी होत होता! या योगायोगाचे लुईस यांना नवल वाटे. जॉय यांच्यावर उपचार झाले होते आणि प्रार्थनाही झाली होती. लुईस कृतज्ञ होते. पण प्रार्थनेमुळेच हे घडले असे सिद्ध करता येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. स्वतःच्या सुखाचा त्यांनी पुरावा म्हणून बाजार मांडला नाही.

पुढची दोन-अडीच वर्षे आनंदात गेली. जॉय यांनी ते जुने, गळके घर दुरुस्त करून घेतले. संध्याकाळी दोघे शब्दांचे खेळ खेळत आणि त्यात अनेक भाषांतले शब्द वापरत. १९५८ च्या जुलैमध्ये ते आयर्लंडला फिरायला गेले. दोघांचाही तो पहिला विमानप्रवास होता. लुईस यांनी आपले बालपणीचे डोंगर आणि समुद्र पत्नीला दाखवले.

१९५९ च्या ऑक्टोबरात नेहमीच्या तपासणीत रोग परत आल्याचे कळले. जॉय यांना ग्रीस देश पाहण्याची लहानपणापासून हौस होती. प्रकृती खालावलेली असतानाही एप्रिल १९६० मध्ये पतिपत्नी एका मित्रदांपत्याबरोबर ग्रीसला गेले. काठी टेकत, थांबत थांबत जॉय अथेन्सची प्राचीन टेकडी चढल्या. परत आल्यावर तीन महिन्यांत, १३ जुलै १९६० रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे पंचेचाळीस होते.

इतकी वर्षे लुईस इतरांचे सांत्वन करत आले होते. आता त्यांच्याच मनात वादळ उठले. देवाला हाक मारावी तर दार आतून बंद आहे असे त्यांना वाटे. कधी त्यांना देवाचा राग येई, कधी आपल्या श्रद्धेचीच शंका येई. घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांमध्ये ते हे सारे लिहून काढू लागले. आपण धर्माचे प्रसिद्ध लेखक आहोत, मग आपले दुबळेपण लोकांना कसे दाखवावे, म्हणून त्यांनी काहीही लपवले नाही. हळूहळू मनाचा क्षोभ शांत झाला. प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, पण प्रश्न घेऊनही देवासमोर बसता येते, हे त्यांना उमगले. १९६१ मध्ये या वह्यांचे पुस्तक टोपणनावाने प्रसिद्ध झाले. खरे नाव त्यावर लुईस यांच्या मृत्यूनंतर आले. १९४० च्या पुस्तकात दुःखाचा विचार होता. या लहानशा पुस्तकात दुःख स्वतः बोलत होते. म्हणूनच जवळचे माणूस गमावलेले वाचक आजही ते हाती घेतात.

जॉय गेल्या, पण त्यांची मुले लुईस यांच्याजवळच राहिली. थोरल्या मुलाला आपल्या आजोळचा यहुदी धर्म पाळावासा वाटू लागला. आपण जसे खाण्यात हलाल-हराम पाहतो, तसे यहुदी लोकांचेही खाण्यापिण्याचे नियम असतात. लुईस स्वतः ख्रिस्ती धर्माचे नामवंत लेखक होते. तरी त्यांनी मुलावर सक्ती केली नाही. उलट, त्याला त्याच्या नियमांप्रमाणे अन्न मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली. आपला धर्म मनापासून पाळणारा माणूस दुसऱ्याच्या धर्माचाही मान राखू शकतो, हे त्यांनी आपल्या घरातच दाखवून दिले.

पुढे लुईस यांचीही प्रकृती ढासळली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ऑक्सफर्डजवळच्या आपल्या घरी त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. साऱ्या जगाचे लक्ष तिकडे लागले आणि एका लेखकाच्या मृत्यूची बातमी कोपऱ्यात राहिली.

आजाऱ्याच्या भेटीला जाण्याला आपण इयादत म्हणतो आणि ते पुण्याचे काम मानतो. भेट घटकाभराची असते. भेटीला आलेली माणसे निघून गेल्यावर जो खाटेजवळ उरतो, त्याला दिवसामागून दिवस काढायचे असतात. त्याचा कधी धीर सुटतो, कधी तो चिडतो, कधी देवाशीही भांडतो, आणि तरी औषधाची वेळ झाली की उठतो. लुईस यांनी ते केले. आपल्या मोहल्ल्यात, कदाचित आपल्याच घरात, असे कोणीतरी आजही एखाद्याच्या उशाशी बसलेले असेल. पुढच्या वेळी आजाऱ्याची विचारपूस कराल, तेव्हा त्या सोबत करणाऱ्याचीही करा.