सुखना तलावात विसावलेला वास्तुकार

चंदीगडच्या सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाचे घर २२ मार्च २०१७ रोजी वस्तुसंग्रहालय म्हणून खुले झाले. या घरात १९६५ पर्यंत राहिलेले वास्तुकार पिएर जानरे यांचा तो जन्मदिवस होता.

जानरे १८९६ मध्ये जिनिव्हात जन्मले. १९२२ पासून ते पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए या नात्यातील भावाबरोबर काम करू लागले. व्हिला साव्हॉय ही जगप्रसिद्ध वास्तू दोघांची. कीर्ती मात्र प्रामुख्याने भावाच्या वाट्याला आली. दुसऱ्या महायुद्धात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जानरे नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत उतरले.

१९५१ मध्ये चंदीगडच्या उभारणीने दोघांना पुन्हा एकत्र आणले. करारानुसार कॉर्ब्युझिए वर्षातून दोनदा येत आणि परत जात. जानरे मात्र तेथेच राहिले. विधानसभा, उच्च न्यायालय अशा भव्य इमारतींवर भावाची मुद्रा उमटली. शाळा, पंजाब विद्यापीठातील गांधी भवन आणि सरकारी कर्मचाऱ्यांची कितीतरी घरे यांत जानरे यांनी जीव ओतला. पैसा तुटपुंजा आणि ऊन कडक. तेव्हा त्यांनी स्थानिक विटांचाच आधार घेतला. विटांच्या जाळीतून वारा आत येई, उन्हाची धग बाहेर राहत असे. स्वतःसाठीही त्यांनी असेच साधे घर बांधले.

कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडवून घेण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पुढे या खुर्च्या मोडक्या सामानाच्या ढिगात गेल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या आणि परदेशी लिलावांत त्यांना लाखांचे मोल आले. अखेर २०११ मध्ये केंद्र सरकारने या वारशाच्या विक्रीला व निर्यातीला आळा घालणारा आदेश काढला. आपल्याच दारातील ठेव ओळखायला आपल्याला परक्यांचा लिलाव पाहावा लागला.

प्रकृती ढासळल्याने १९६५ मध्ये जानरे यांनी चंदीगड सोडले. ४ डिसेंबर १९६७ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. जन्मही तेथलाच, मृत्यूही तेथलाच. पण अखेरची इच्छा वेगळी होती. त्यानुसार १९७० मध्ये पुतणीने त्यांच्या अस्थी चंदीगडला आणल्या आणि सुखना तलावात विसर्जित केल्या.