रेजी विल्यम्स

रेजी विल्यम्स (२९ एप्रिल, १९५१:सिनसिनाटी, ओहायो, अमेरिका - ७ फेब्रुवारी, १९९९:ॲम्स्टरडॅम, नेदरलँड्स) हे अमेरिकेतील एड्स प्रतिबंधक चळवळीचे कार्यकर्ते होते. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांमधील एच.आय.व्ही. संसर्ग रोखण्यासाठी स्थापन झालेल्या 'नॅशनल टास्क फोर्स ऑन एड्स प्रिव्हेन्शन' या संस्थेचे ते पहिले कार्यकारी संचालक होते.

सुरुवातीचे जीवन

विल्यम्स हे पेशाने एक्स-रे तंत्रज्ञ होते. ओहायोतून ते कॅलिफोर्नियात आले आणि १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे स्थायिक झाले. समलिंगी व्यक्तींना मोकळेपणाने जगू देणारे शहर म्हणून सॅन फ्रान्सिस्कोची ख्याती होती. परंतु हा मोकळेपणा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नव्हता. कॅस्ट्रो भागातील काही मद्यालयांमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांकडे एकाहून अधिक ओळखपत्रे मागितली जात. अशा भेदभावाविरुद्ध १९८० साली स्थापन झालेली 'ब्लॅक अँड व्हाइट मेन टुगेदर' ही संघटना आवाज उठवत असे. विल्यम्स या संघटनेत सामील झाले व पुढे तिच्या एड्सविषयक कामाचे प्रमुख कार्यकर्ते बनले.

एड्सची साथ आणि कृष्णवर्णीय समाज

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलस येथील पाच समलिंगी तरुणांना झालेल्या दुर्मिळ न्यूमोनियाची माहिती प्रसिद्ध केली. एड्सविषयीची ही पहिली अधिकृत नोंद मानली जाते. त्यानंतरच्या काळात वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांच्यामुळे हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा रोग आहे, असा समज रूढ झाला. प्रत्यक्ष स्थिती वेगळी होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये याच केंद्राने दिलेल्या आकडेवारीनुसार देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १२ टक्के होते, तर एड्सच्या रुग्णांमध्ये ते २५ टक्के होते.

या समजाची मोठी किंमत कृष्णवर्णीय तरुणांना मोजावी लागली. बहुतेक माहितीपत्रकांतील चित्रे, भाषा व पत्ते गोऱ्या वस्त्यांसाठी योजलेले असत. ज्याला त्या चित्रांत स्वतःचा चेहरा दिसत नसे, त्याला धोकाही आपला वाटत नसे. दुसरीकडे, कृष्णवर्णीय समाजातील अनेक संस्था व चर्च समलैंगिकतेविषयी मौन पाळत. परिणामी या तरुणांपर्यंत निरोधाच्या वापराची साधी माहितीही वेळेवर पोहोचत नव्हती.

राष्ट्रीय कार्य

१९८८ साली संघटनेला रोगनियंत्रण केंद्राकडून अनुदान मिळाले व त्यातून 'नॅशनल टास्क फोर्स' उभी राहिली. तिची सूत्रे विल्यम्स यांच्याकडे आली. ज्यांना माहिती द्यायची, त्यांचे ज्ञान, समजुती व वर्तन आधी त्यांच्याकडूनच जाणून घ्यावे, या भूमिकेतून संस्थेने कृष्णवर्णीय समलिंगी व उभयलिंगी पुरुषांचे सर्वेक्षण केले. निरनिराळ्या शहरांत कार्यशाळा घेण्यात आल्या. त्यांत उपदेशाऐवजी मोकळ्या संवादावर भर असे. पुढे इतर वंशांच्या समलिंगी पुरुषांसाठीही संस्थेने काम केले.

हे काम सोपे नव्हते. १९८७ साली सिनेटर जेसी हेल्म्स यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे समलैंगिकतेला उत्तेजन देणाऱ्या एड्सविषयक साहित्यावर केंद्र सरकारचा निधी खर्च करण्यास मनाई झाली होती. त्यामुळे सरकारी निधीतून काम करणाऱ्या संस्थांना सुरक्षित संबंधांविषयी स्पष्ट शब्दांत सांगणे अवघड झाले.

विल्यम्स स्वतः एच.आय.व्ही.बाधित होते व ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. मार्लन रिग्स यांच्या 'नो रिग्रेट' या माहितीपटात आपल्या संसर्गाविषयी उघडपणे बोलणाऱ्या पाच कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांपैकी ते एक आहेत.

अखेरचा काळ

विल्यम्स यांचे जोडीदार जर्मन नागरिक होते. समलिंगी जोडीदाराच्या नात्याने अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मिळण्याची तरतूद त्या काळी नव्हती. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यास विल्यम्स यांनी मायदेश सोडला व ते ॲम्स्टरडॅम येथे राहू लागले. तेथेच वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संस्थेचे दप्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रंथालयात जतन केलेले आहे.

वारसा

कृष्णवर्णीय तरुणांमध्ये संसर्ग अधिक आढळतो, याचा दोष दीर्घकाळ त्यांच्या बेफिकिरीवर ढकलला गेला. ग्रेगरी मिलेट व सहकाऱ्यांनी २००७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांचे वर्तन गोऱ्यांपेक्षा अधिक धोक्याचे नसल्याचे दिसून आले. निदान न झालेला संसर्ग, उपचारांपर्यंत न पोहोचणे आणि ज्या लहान वर्तुळात जोडीदार मिळतात त्यातच विषाणूचे प्रमाण जास्त असणे, ही कारणे संशोधनातून पुढे आली. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. त्या वेळचे प्रमाण कायम राहिल्यास दर दोन कृष्णवर्णीय समलिंगी व उभयलिंगी पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी संसर्ग होईल, असा अंदाज रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली वर्तवला. विल्यम्स यांनी पुरस्कारलेली, समाजाने स्वतःच प्रतिबंधाचे काम हाती घेण्याची पद्धत आज या क्षेत्रात सर्वमान्य झाली आहे.