आमदार बाबासाहेब

बाबासाहेब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राज्यघटना येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. पण ते मुंबईच्या कायदेमंडळात आमदार होते आणि तिथे त्यांनी आपल्या कोकणच्या कुळांसाठी कायदा मांडला होता, ही गोष्ट आपल्या घराघरांत फारशी सांगितली जात नाही.

मुंबई कौन्सिलात ते प्रथम आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. शपथ घेतली १८ फेब्रुवारी १९२७ रोजी आणि महिनाभरात, २० मार्चला, महाडचे चवदार तळे गाठले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव याच कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता. तो आणणारे सीताराम केशव बोले हे भंडारी समाजाचे, म्हणजे आपल्या किनारपट्टीला परके नव्हेत. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाचे बिल आणले, पण ते पार पडू शकले नाही.

लोकांच्या मतांवर ते निवडून आले १९३७ साली. आदल्या वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. भायखळा-परळ मतदारसंघात राखीव जागेवर काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले ते नामांकित क्रिकेटपटू पी. बाळू यांना. बाळूही अस्पृश्य समाजातलेच, लोकांच्या लाडाचे. लढत सोपी नव्हती. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. गिरणगावात तेव्हा कोकणचे चाकरमानी दाटीवाटीने राहायचे. पक्षाचे सतरा उमेदवार उभे होते, त्यातले बहुतेक निवडून आले.

आमदारकी मिळाल्यावर सात महिन्यांत, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोत म्हणजे काय हे जुन्या माणसांना सांगायला नको. सरकारचा सारा भरायचा आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करायचा, वर वेठबिगार वेगळीच. राबणाऱ्याच्या नावावर जमीन नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. तेव्हा मालवण, देवगड हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि रत्नागिरी म्हणजे खोतांचा जिल्हा. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले.

गंमत अशी की, ज्यांच्यासाठी हे बिल होते त्यातल्या बहुतेकांना मतच नव्हते. त्या काळी मताचा हक्क सारा, मालमत्ता, शिक्षण पाहून मिळायचा. मग मत नसलेली माणसे पायांनी बोलली. १० जानेवारी १९३८ रोजी वीसेक हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते, कुणबी होते, आगरीही होते. शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक बरोबर होते. मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना बाबासाहेबांनी शिष्टमंडळासह मागण्या समजावल्या. तरी बिल काही पास झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, बाबासाहेब दिल्लीत कायदेमंत्री असताना.

पुढच्या निवडणुकांत त्यांना अपयश आले, हेही लपवण्याचे कारण नाही. १९४६ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा प्रांतिक निवडणुकीत धुव्वा उडाला. घटना समितीत जायला बंगालच्या आमदारांची मते घ्यावी लागली. १९५२ साली लोकसभेला उत्तर मुंबईतून हत्ती निशाणीवर ते उभे राहिले. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर १४,५६१ मतांनी निवडून आले. अवैध ठरलेल्या मतपत्रिकांचा आकडा ७४ हजारांवर होता, त्यावरून बाबासाहेब आणि अशोक मेहता कोर्टात गेले, पण निकाल फिरला नाही. दोन वर्षांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक, तब्येत साथ देत नसताना, तिथेही हार.

मात्र १९५२ च्या मार्चमध्येच मुंबई विधानसभेच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर निवडून पाठवले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, तेव्हाही ते मुंबई राज्याचेच राज्यसभा सदस्य होते.